गनीभाई पेंटरचं आरमार

राहात्यापासून समुद्र किती लांब आहे हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण आमच्याकडं पाण्यावर तरंगणारी वस्तू म्हणजे कालव्यातून वाहत आलेली चप्पल, एवढं सांगितलं की अंदाज यावा. अशा गावात बसून मी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लढाऊ जहाजांना रंग देतो. जहाज वीतभरसुद्धा नाही, आणि त्यावरचे वल्हेकरी नि शिपाई हरभऱ्याच्या दाण्याएवढे. टेबलावर निळं कापड अंथरायचं, फुटपट्टीनं मापून जहाजं पुढं सरकवायची, फासे टाकायचे आणि एकमेकांची जहाजं बुडवायची, असा हा खेळ आहे. खेळणारी माणसं शिकलेली, पोटापाण्याला लागलेली असतात. त्यांना रंगवायला वेळ नसतो आणि मला वेळेशिवाय दुसरं काही नसतं. धंदा जमला तो असा.

माझे वडील वैजनाथ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे आणि माझ्या धंद्याबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. दुकानात कुणी विचारलं, "थोरला काय करतो हल्ली?" तर ते सरकी पेंडीचं पोतं ओढता ओढता म्हणतात, "त्याला जरा बरं न्हाई." गेली कित्येक वर्षं मला जरा बरं नाही. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकानं माझ्यासाठी गुळवेलीचा काढा बाटलीत भरून आणून दिला. आईनं तो मला पाजला. वाया कशाला घालवायचा, म्हणाली.

पण मला सांगायचंय ते गनीभाई पेंटरबद्दल. माझा विषय निघाला की माझं कौतुक मीच आवरतं घेतो. दुसरं कुणी करत नसल्यामुळं ते फार पसरत नाही.

गनीभाईंचं दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली रंगाचे इतके डबे, की माणसानं उभं कुठं राहायचं ते डब्यांनी ठरवावं. एके काळी तालुक्यातला टेम्पो असो, उसाची ट्रॉली असो की पाण्याचा टँकर, त्याच्या पाठीवर गनीभाईंचं अक्षर असायचंच. साठी उलटली तरी त्यांच्या 'श्री'ची वेलांटी अजून कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ताठ उभी राहते. आणि हे ते स्वतःच सांगतात. "कोपरगावपासून खर्ड्यापर्यंत जा. माझ्यासारखा 'श्री' दिसला तर तो मीच काढलेला समज." सिंह मात्र त्यांना जमत नाही. त्यांनी काढलेला प्रत्येक सिंह आत्ताच दूध पिऊन आल्यासारखा दिसतो. तसं कुणी म्हटलं की ते म्हणतात, "तू सिंह कुठं बघितलास?"

मग रेडियमचे स्टिकर आले आणि काम आटलं. त्याचं दुःख करत बसण्यापेक्षा रेडियमला शिव्या घालणं गनीभाईंना जास्त आवडतं. "रेडियम म्हंजे टिकली. लावली, पडली. आपलं काम म्हंजे गोंदण. गाडी भंगारात गेली तरी नाव जात न्हाई."

त्यांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी बिननावाची बाहेर पडत नाही. मी शाळेत असताना त्यांच्याकडं माझी सायकल मडगार्डला नुसता लाल रंग मारायला टाकली होती. परत मिळाली तेव्हा मागं पांढऱ्या अक्षरात 'आदिनाथ एक्सप्रेस' लिहिलेलं. दहावी पास होईपर्यंत वर्गातली पोरं मला बघून शिट्टी वाजवत. मी तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, "बेटा, नाव नसलेली गाडी म्हंजे बेवारस. ठोकून पळाली तर लोकांनी कुणाचं नाव घ्यायचं?"

हे सगळं ठाऊक असून मी माझी जहाजं त्यांच्याकडं का नेली, हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की मला डोळे काढता येत नाहीत.

ग्रीक लोक जहाजाच्या नाकाडावर दोन्ही बाजूंना मोठे डोळे रंगवायचे, जहाजाला वाट दिसावी म्हणून. श्रीरामपूरचे डॉक्टर विश्वास खरात या खेळाचे वेडे. त्यांनी मला ग्रीकांची जहाजं रंगवायला दिली होती आणि रविवारच्या लढाईला ती टेबलावर हवी होती. काम पसंत पडलं तर त्यांच्या मंडळाचं पुढचं सगळं रंगकाम माझ्याकडं येणार होतं. डॉक्टर स्वतः डोळ्यांचे. म्हणजे बाकी कुठं चुकलं तर चाललं असतं.

घरी अण्णांनीही तोच रविवार धरला. जेवताना म्हणाले, "हे बघ, पास झाला तर मी पुन्हा एक शब्द काढणार न्हाई. नापास झाला तर सोमवारी सकाळी गल्ल्यावर बसायचं. कायमचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. गल्ल्यावर बसलं की समोर पेंड, मागं भुसा आणि दिवसभर म्हशींच्या पोटाच्या तक्रारी. तिथून कुणी परत आल्याचं आमच्या घराण्यात उदाहरण नाही. अण्णाही दोन वर्षांसाठी म्हणूनच बसले होते.

जहाजांची अंगं रंगवली, वल्ही रंगवली, शिपायांच्या ढाली रंगवल्या. मग डोळे काढले. पहिल्या जहाजाचा एक डोळा अथेन्सकडं आणि दुसरा कोपरगावकडं बघत होता. दुसरं जहाज रडून आलेलं. आई चहा ठेवायला आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, साथ आलीय का यांच्यात?" मी सगळे डोळे पुसले आणि जहाजं पेरूच्या खोक्यात घालून गनीभाईंकडं गेलो.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, एक जहाज तळहातावर ठेवलं आणि गॅरेजवाला बघतो तसं आधी खालून बघितलं.

"बंपर एवढा खाली?"

"ती पितळी सोंड आहे चाचा. समोरच्या जहाजाला धडक द्यायला."

"मुद्दाम?"

"मुद्दामच."

"मग क्लेम मिळत न्हाई." त्यांनी जहाज फिरवलं. "इंजिन कुठाय?"

"ही वल्हेकरी माणसं. हेच इंजिन."

"म्हंजे डिझेल न्हाई. भाकरीवर चालतं." हे त्यांना पटलं. "डोळे काढून देतो. ट्रकला काढायचो, त्याच्यापुढं हे काय. नावं सांग."

"नावं नकोत."

गनीभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"चाचा, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक जहाजं आहेत. त्यांच्यावर नावं लिहून चालणार नाही. डॉक्टर फार काटेकोर आहेत."

"डॉक्टरला पोरंबाळं असतील ना?"

"नावं नकोत म्हटलं ना!"

"बरं," गनीभाई म्हणाले.

इथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. गनीभाईंचं 'बरं' म्हणजे काय ते सगळ्या गावाला माहीत आहे. एकदा एका पहिलवानानं टेम्पोवर स्वतःचं नाव टाकायला सांगितलं होतं. गनीभाई 'बरं' म्हणाले आणि पहिलवानाच्या आईचं टाकलं. जाब विचारला तर म्हणाले, "तुला कोण वळखतंय अजून?" पण मी शहरातल्या कॉलेजात बी.कॉम. केलंय. मला वाटतं की आपण नीट समजावून सांगितलं की समोरच्याला समजतं.

शनिवारी संध्याकाळी खोकं आणायला गेलो तर सगळं बांधून तयार. आमच्याकडं पेरू बाजारात पाठवताना त्याला फोमची पांढरी जाळी घालतात, तशी जाळी गनीभाईंनी प्रत्येक जहाजाला घातली होती. पुढचं नाकाड तेवढं बाहेर. आणि त्यावर डोळे! काळ्याभोर रेघेचे, टपोरे, रात्रभर गाडी मारून सकाळी घाटाखाली आलेल्या ड्रायव्हरसारखे जागे. मी एक जाळी काढायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"आता हात लावू नको. व्यवस्थित बसलीत. डायरेक टेबलावर काढ."

केवढी ही काळजी, असं मनात आलं. माझे डोळे भरून आले, असंही लिहिलं असतं. पण पुढचं वाचल्यावर तुम्ही हसाल.

रविवारी अण्णा स्वतः गाडी चालवायला निघाले. दुकानाचा छोटा टेम्पो काढला. "निकाल समोर लागला पायजे," म्हणाले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मी खोकं मांडीवरून उचलून धरत होतो आणि अण्णा दर वेळी म्हणत होते, "समुद्रात लाटा आल्यावर काय करतेत हे?"

डॉक्टरांच्या दवाखान्याला रविवारी सुट्टी. मधल्या खोलीत मोठ्या टेबलावर निळं कापड अंथरलेलं, भिंतीवर अक्षरं लहान लहान होत जाणारे तक्ते. पलीकडच्या बाजूला राधाकृष्णकाका बसले होते. साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता निवृत्त आहेत आणि इराणी आरमार सांभाळतात. त्यांची जहाजं आधीच मांडून झाली होती. पुण्याहून रंगवून आणलेली, एकसारखी, देखणी आणि कोरी.

डॉक्टरांनी पहिल्या जहाजाची जाळी काढली. डोळे बघितले आणि "अरे वा!" म्हणाले. मी अण्णांकडं बघितलं. मग त्यांनी जहाज उलटं फिरवलं, खिशातून भिंग काढलं आणि भिंगाला डोळा लावून, समोर तक्ता धरल्यासारखं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.

"ब... नु... बा... ई."

डॉक्टरांनी दुसरी जाळी काढली. 'कानिफनाथ कृपा'. तिसरी, 'रविराज'. चौथी, 'फरहीन'. सुबक, टपोरी अक्षरं, वर सरळ शिरोरेषा. सेनापतीच्या जहाजाचं नाव 'मुबारकबी', आणि त्याच्या अगदी मागच्या फळीवर, तांदळाच्या कण्या मांडाव्यात तशा बारीक अक्षरात, 'आवाज द्या'.

माझ्या नाकात पेंडीचा वास यायला लागला.

"सर, ती त्या काळची एक लिपी..." मी सुरुवात केली.

"आदिनाथ," डॉक्टर म्हणाले, "मी मराठी शाळेत शिकलोय."

राधाकृष्णकाका हसता हसता खोकायला लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "नावं असायची तशी. ग्रीक जहाजांना नावं असायची, आणि बहुतेक बायकांचीच असायची. पण 'आवाज द्या' कुठं वाचल्याचं आठवत नाही." मग माझ्याकडं न बघता जहाजं मांडायला लागले. "आता उशीर नको. खेळून घेऊ. हाताळून रंग टिकतो का बघू आणि मग काय ते सांगतो."

अडीच हजार वर्षांचा इतिहास आणि माझा सोमवार, दोन्ही त्या निळ्या कापडावर गेले.

अण्णा एवढा वेळ दाराजवळच्या खुर्चीत, पेशंटसारखे बसले होते. आता उठून टेबलाशी आले. भिंग उचललं आणि हाताशी होती तेवढी जहाजं वाचत गेले. मला वाटलं, माझ्या नापासाचा पुरावा बघतायत.

"ही बनुबाई," ते हळूच म्हणाले, "म्हंजे दूधवाल्या गोरक्षची बनुबाई का काय? आन हा रविराज, बाजारची गाडी. ही तर... आरं, गनीभाईनं सगळ्या मेलेल्या गाड्या उठवल्यात की!"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मालकाची नावं मी देत नाही म्हटल्यावर गनीभाईंनी आपल्याच जवळची दिली होती. त्यांच्या हातानं रंगलेल्या आणि कधीच्या भंगारात गेलेल्या गाड्यांची. मुबारकबी हे त्यांच्या आईचं नाव. ते त्यांच्या पहिल्या हातगाडीवर होतं.

खेळ सुरू झाला. डॉक्टरांनी बनुबाईला फुटपट्टीभर पुढं सरकवलं.

"तिला येवढ्या जोरात काढू नका," अण्णा म्हणाले. "ब्रेक लागायचे न्हाईत तिचे."

डॉक्टरांनी मान वर केली.

"दुधाचे कॅन घिऊन दोनदा कालव्यात गेल्ती ती," अण्णांनी समजावलं.

पुढच्याच फेरीत बनुबाई इराण्यांच्या दोन जहाजांच्या मधोमध सापडली आणि बुडाली. "मी सांगत हुतो," अण्णा म्हणाले. त्यानंतर डॉक्टर प्रत्येक चालीआधी अण्णांकडं बघायला लागले. रविराज वळणावर कलतो. कानिफनाथ कृपा चढाला दम टाकते, पण उतारावर तिला कुणी गाठू शकत नाही. फरहीनचा मालक कधीच वेळेत पोचला नाही, तिला मागंच ठेवा. "वैजनाथराव, इथं चढ-उतार नाहीयेत," डॉक्टर म्हणाले. पण फरहीनला त्यांनी मागंच ठेवलं. मी अथेन्सच्या आरमाराबद्दल मोबाईलवर किती तास बघितलं होतं. ते मला कुणी विचारलं नाही.

मग राधाकृष्णकाकांचं एक मोठं जहाज डाव्या बाजूनं आलं आणि टोकाच्या जहाजावर सोंड रोखून थांबलं. अण्णांनी भिंग लावलं. वाचलं. भिंग खाली ठेवलं.

"मोनिका," ते म्हणाले.

मोनिका माझी थोरली बहीण, खर्ड्याला दिलीय. ती झाली त्या वर्षी अण्णांनी पेरूच्या वाहतुकीला टेम्पो घेतला होता आणि गनीभाईंनी त्याच्या पाठीवर तिचं नाव घातलं होतं. अण्णांनी आयुष्यात स्वतःच्या हौसेनं केलेली ती एकच गोष्ट. मग आजोबा थकले, दुकान अण्णांच्या गळ्यात आलं, टेम्पो विकला. पुढं तो भंगारात गेल्याचं कुणीतरी दुकानावर येऊन सांगितलं होतं. तेव्हा अण्णा पेंड मोजत होते आणि मोजत राहिले, असं आई सांगते.

"डॉक्टर, हिला बाजूला घ्या," अण्णा म्हणाले.

"आता नाही घेता येत, वैजनाथराव. फासा टाकावा लागेल. तीन किंवा वर पडलं तर वाचली."

"मग टाका."

डॉक्टरांनी फासा अण्णांच्या हातात दिला. "तुमची गाडी आहे."

अण्णांनी फासा मुठीत धरला, खालीवर हलवला, थांबले, पुन्हा हलवला. दुकानात एवढा वेळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतः हाकलून देतात. शेवटी टाकला. फासा टेबलभर गडगडत जाऊन कडेला थांबला.

एक.

राधाकृष्णकाका सभ्य गृहस्थ. त्यांनी मोनिकाला दोन बोटांनी उचललं आणि इकडंतिकडं न ठेवता अण्णांच्या हातात दिलं. अण्णा तिच्याकडं बघत राहिले.

"खऱ्या मोनिकाच्या टायमाला मी न्हवतो तिथं," अण्णा म्हणाले. "आज बघितलं तरी." मग नाक ओढून राधाकृष्णकाकांना म्हणाले, "फुडची लढाई कवा? तुमची ती जागा लक्षात ठेवलीय मी."

इतिहासात ही लढाई ग्रीकांनी जिंकली. आमच्या टेबलावर हरले. फरहीन शेवटपर्यंत पोचलीच नाही.

डॉक्टरांनी चहा मागवला आणि माझ्याकडं वळले. "रंग टिकला. वल्ही चांगली आहेत. पण तुझ्या सगळ्या शिपायांचे चेहरे एकसारखे, कुणावर तरी चिडल्यासारखे का आहेत?"

"त्यांच्याही वडलांची दुकानं असतील," राधाकृष्णकाका म्हणाले.

"डोळे आणि अक्षर कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडलेलं पहिलं खरं वाक्य ते हे.

"मग इराण्यांची जहाजंही घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "मंडळाचं पुढचं कामही तुमच्याकडंच. अट एकच. डोळे आणि नावं त्यांनीच काढायची. तू वल्ह्यांना हात लाव."

म्हणजे मी पास झालो. पण कुणाचा तरी पेपर जोडून.

परतीच्या वाटेवर बाभळेश्वर मागं पडलं. मोनिका डॅशबोर्डवर, लिंबू-मिरचीच्या शेजारी ठेवलेली. ती द्यायला अण्णांनी नकार दिला होता आणि डॉक्टरांनी मागितली नव्हती. शेवटी मीच विचारलं, "मग उद्या?"

"उद्या काय?"

"गल्ला."

"मी शब्द दिलाय न्हवं का?" अण्णा रस्त्याकडं बघत म्हणाले. "उद्यापासनं गनीभाईकडं जायचं. सकाळी. आंघूळ करून. अक्षर बघ कसंय तुझं, कोंबडीच्या पायासारखं."

सोमवारी इराणी आरमार घेऊन मी पत्र्याखाली हजर झालो. गनीभाईंनी आधी लढाईचा वृत्तांत मागितला. रागावायचं मी वाटेतच ठरवलं होतं, पण ते जमेपर्यंत त्यांनी विचारलं, "कोण कोण गेलं?"

"बनुबाई गेली."

"ती जाणारच. आन?"

"मोनिका."

गनीभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "कुणी ठोकली?"

"इराण्यांच्या मोठ्या जहाजानं. बाजूनं येऊन."

"नाव काय त्याचं?"

मी खोक्यातून ते जहाज काढून दाखवलं. पाठ कोरी होती.

"बघ," गनीभाई म्हणाले. "तरी मी सांगत असतो." आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच जहाज रंगवायला घेतलं. त्यांनी नाव विचारलं नाही आणि मी नको म्हटलं नाही. मला त्यांनी एक जुनी पत्र्याची पाटी दिली, एक ब्रश दिला आणि दुपारपर्यंत नुसत्या शिरोरेषा ओढायला लावल्या. एकही सरळ आली नाही. बी.कॉम.मध्ये हे शिकवत नाहीत.

संध्याकाळी घरी जाताना दुकानावरून गेलो. काढा आणून देणारं तेच गिऱ्हाईक पेंड घेत होतं. मी खांबाआड थांबलो.

"थोरला काय करतो आता?" त्यानं विचारलं.

अण्णांनी पोत्याचं तोंड बांधलं, हात झटकले.

"गनीभाई पेंटरच्या हाताखाली असतो," ते म्हणाले.

"असं व्हय! म्हंजे बरं हाय आता त्याला?"

अण्णांनी थोडा विचार केला.

"फरक हाय जरा," म्हणाले.